मयेकरबाईंची मडकी

आमच्या संगीत विद्यालयाच्या सभागृहाला पंचवीस वर्षं झाली, त्या सोहळ्यासाठी मी रंगमंचाखालची सगळी रिकामी मडकी बाहेर काढली, त्यांत माती भरली आणि झेंडू लावला.

झेंडू उत्तम आला. चूक एवढीच की ती मडकी अडगळ नव्हती. मयेकरबाईंच्या मते तो सभागृहाचा गळा होता. आमचे अध्यक्ष सावंतसाहेब यांच्या मते ती मडकी होती, त्यापलीकडे काही नाही. माझं स्वतःचं मत अजून तयार व्हायचंय, आणि बाई आता नाहीत, त्यामुळे विचारायचं कोणाला हाही प्रश्नच आहे.

इंदुमती मयेकर विद्यालयात गायन शिकवायच्या. उंचीने बेताच्या, अंगाने काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत सोलकढीची बाटली असे. विद्यार्थ्यांना त्या दही, चिंच, लोणचं, जे जे म्हणून आंबट ते सगळं बंद करायला लावायच्या. एकदा एका मुलीने धीर करून विचारलं, "बाई, मग सोलकढी चालते?"

बाई घोट गिळून म्हणाल्या, "कोकमाला आंबट म्हणत नाहीत. कोकम म्हणतात." आणि पुढचा पलटा सुरू.

वडील मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या लाँचवर तांडेल. लाँच कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, हे ठरवणारा तो तांडेल. बाईंच्या गाण्याचं मूळ मला वाटतं त्या धक्क्यावर होतं. माईक घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या ऐकवायच्या, "आमचे बाबा धक्क्यावर उभे राहून खाडीच्या तोंडाशी असलेल्या होडीला हाक मारायचे. होडी वळायची. त्यांना कोणी माईक दिला नव्हता." माईकवाला बिचारा वायरची गुंडाळी हातात धरून उभा राही. होडीचा आणि आपला काय संबंध, हे त्याला कळत नसे. मलाही बरीच वर्षं कळत नव्हतं.

बाईंच्या भाषा दोन. वर्गात शुद्ध पुस्तकी, आणि राग किंवा माया आली की मिरकरवाड्याची. "आपला षड्ज किंचित उतरला आहे" असं त्या म्हणाल्या की समजावं, या माणसाकडून त्यांनी आशा सोडली आहे. "मेल्या, काय गातोस ता?" म्हणाल्या की तो विद्यार्थी घरी जाऊन आईला सांगे, बाई आज माझ्यावर खूश होत्या.

मला त्या वर्षभर शुद्ध भाषेत बोलल्या.

मी तेव्हा जिल्हा परिषदेत नोकरीला लागलेला होतो आणि संध्याकाळी काय करावं हे न कळल्यामुळे गाणं शिकायला जात होतो. वर्षाच्या शेवटी एकदा बाईंनी पेटीचा भाता मिटला. म्हणाल्या, "विलास, आपण वेळेवर येता. कष्ट घेता. सतरंजी फार छान अंथरता." मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. पुढचं वाक्य नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून मी विद्यालयाच्या कमिटीत होतो आणि बाई मला "अरे विलास" म्हणू लागल्या. खुर्च्या, चहा, पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांच्या चपला हा माझा विभाग झाला, तो आजतागायत.

सभागृहात शिरताना बाईंची एक रीत होती. दारात थांबायचं, चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवायची आणि मान कलती करून उभं राहायचं. ओळखीच्या घरी गेल्यावर आपण ओटीवरून हाक मारतो आणि आतून कोणी "आले, आले" म्हणतंय का म्हणून थांबतो ना, तसं. उत्तर आलं की चेहरा जरासा सैल व्हायचा, मग चपला निघायच्या. उत्तर नेहमी यायचं. सभागृह जांभ्या दगडाचं, आतून गिलावा नाही, वर लाकूड आणि कौलं. टाळी भिंतीवरून फिरून, जरा भारदस्त होऊन परत येई. टाळी एकदाच. दोनदा वाजवलेली मी कधी पाहिली नव्हती.

त्या सभागृहावर त्यांचा किती जीव होता ते एकदा बाहेरगावचे एक गवई आले तेव्हा कळलं. स्वतःचा साउंडवाला घेऊन आले होते. त्याने रंगमंचावर काळी खोकी मांडायला घेतली. बाईंनी विचारलं, "हे कशासाठी?"

"मॉनिटर, मॅडम. सरांना त्यांचा आवाज ऐकू यायला."

"त्यांना त्यांचा आवाज ऐकू येत नाही?" बाईंच्या स्वरात खरी काळजी होती. "मग कानाच्या डॉक्टरांकडे न्या. मारुतीच्या देवळापाशी एक चांगले आहेत."

मैफल रंगात आली आणि वीज गेली. गवई थांबले. अंधारात मागच्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "गा हो. इथवर ऐकू येतंय." ते गायले. उरलेलं सगळं तसंच गायले, आणि वीज परत आल्यावर त्यांनीच माईक बाजूला सारला. जाताना बाईंना वाकून नमस्कार करून गेले. वीज फक्त आमच्याच इमारतीची गेली होती, शेजारी दिवे होते. मेनस्विच कोणी पाडला याची चौकशी करायचं काम माझ्याकडे आलं. मी जाऊन पाहिलं. मेनस्विचच्या खालच्या फळीवर अर्धी प्यालेली सोलकढीची बाटली होती. चौकशी मी तिथेच संपवली.

तर, पंचविसावं वर्ष. कमिटीची बैठक भरली आणि पहिल्याच मुद्द्यावर गाडी अडली. वर्धापनदिन कोणता? सावंतसाहेब निवृत्त इंजिनियर. त्यांच्या मते पाया घातला तो दिवस. तबला शिकवणारे नाचणकर सर म्हणाले, उद्घाटन झालं तो दिवस, पण मी चुकत असेन. नाचणकर सर प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पण मी चुकत असेन" म्हणतात. बाई म्हणाल्या, "भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं, तेव्हा मी आत उभी राहून पहिला सा लावला. तो दिवस." तो दिवस कोणता हे त्यांनाही आठवत नव्हतं. दुपारचं ऊन होतं एवढं आठवत होतं. शेवटी सभागृह कोणाच्या साखरपुड्याला दिलेलं नव्हतं तो दिवस वर्धापनदिन ठरला.

मग बाई म्हणाल्या, "मी गाणार त्या दिवशी. माईकशिवाय. आणि दुसऱ्या दिवशी अलोऱ्याला जाणार, भावाकडे. कायमची."

बाईंचे गुडघे गेले होते, मिरकरवाड्याच्या वरच्या चढावर त्या एकट्या राहत, हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊ कोयनेच्या प्रकल्पात नोकरी करून अलोऱ्यालाच राहिलेला, तो बरीच वर्षं बोलावत होता. पण चारचौघांत गाऊन त्यांना खूप वर्षं झाली होती आणि आवाज बारीक झाला होता. नाचणकर सर दबकत म्हणाले, "बाई, एक छोटा माईक, दिसणार पण नाही असा..."

"नाचणकर, आवाज बारीक झालाय हे मला माहीत आहे. पण हॉल ओळखीचा आहे. अर्धं मी गाईन, उरलेलं तो गाईल. त्याच्याकडून एकदा ऐकून घेते आणि जाते."

हे मी मुद्दाम तसंच लिहिलं, कारण पुढे काय पणाला लागलं होतं ते यात आहे. मी मात्र त्या वेळी चहाचे कप मोजत होतो.

सोहळा म्हणजे साफसफाई आली. रंगमंच लाकडी आहे, त्याच्या खाली कमरेएवढी पोकळी आहे आणि बाजूला एक बुटकं दार. वाळवी लागलीय का पाहायला मी टॉर्च घेऊन आत शिरलो. आत मडकी. चांगली पोटाची, भाजून काळपट झालेली, आडवी निजवलेली, आणि कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेली. मी कमिटीत आलो तो सभागृह झाल्यानंतर, सावंतसाहेब त्याहून नंतरचे, नाचणकर सर चिपळूणहून बदलून आलेले. बांधकामाच्या वेळचं बाईंशिवाय कोणी उरलं नव्हतं. कुठल्या तरी नाटकाचं सामान राहिलं असेल असं मला वाटलं. दहीहंडीचं असावं असंही वाटलं. बाईंना विचारावं असं वाटलं नाही.

माझी बायको सुनंदा हौशी. तिने मडक्यांना गेरू लावला, वर पांढरी चित्रं काढली, परसातली झेंडूची रोपं लावली आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी मांडली. सावंतसाहेबांनी पाठ थोपटली. बाई तालमीला आल्या, पायऱ्या चढताना त्या एका मडक्यावर हात टेकून थांबल्या. म्हणाल्या, "कुंड्या सुंदर झाल्यात. कुठून आणल्यास?"

"घरच्याच आहेत, बाई," मी म्हणालो. एका अर्थी ते खरं होतं.

दारात बाई थांबल्या. टाळी वाजवली. मान कलती केली.

आणि मग त्यांनी दुसरी टाळी वाजवली.

मी खुर्च्या लावत होतो, माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली. बाईंनी चपला काढल्या, हळूहळू रंगमंचावर चढल्या, तानपुरा घेतला आणि सा लावला. नाचणकर सरांनी तबल्यावर थाप दिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग खिशातून हातोडी काढून गट्टे ठोकायला लागले. ठोकून झाल्यावर पुन्हा थाप दिली, पुन्हा आठ्या. "दमटपणा असेल," ते स्वतःशीच पुटपुटले. "नाहीतर माझा हात गेला. हातच गेला असेल."

"मागे ऐकू येतंय?" बाईंनी मला विचारलं.

"येतंय, बाई."

येत होतं. पण शेजारच्या खोलीत कोणी फोनवर बोलत असल्यासारखं. आपल्या कानात मळ साचला असावा अशी माझी खात्री झाली, आणि घरी जाऊन मी कानात कोमट खोबरेल घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला जे थोडं ऐकू येत होतं तेही येईना.

गाणारी-वाजवणारी माणसं ही अशी. मोटार बंद पडली तर आपण मोटारीला लाथ मारतो. यांचं काही बिघडलं की आधी स्वतःचा गळा, स्वतःचा हात, स्वतःचे कान. जागा बिघडली असेल, असं तिघांपैकी कोणाच्याही मनात आलं नाही. मी गाणारा नसूनही त्या बाबतीत त्यांच्यासारखाच निघालो, हा माझ्या सांगीतिक कारकिर्दीचा कळस.

बाईंनी तानपुरा ठेवला. "नाचणकर, मी येईन त्या दिवशी. समोर बसेन. गायला दुसऱ्या कोणाला तरी बसवा."

"अहो बाई, माझा तबलाच बसलाय. तुमचं काही नाही."

"तबला बसला तर चढवता येतो," बाई म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. त्या वाक्यात एकही मिरकरवाड्याचा शब्द नव्हता, म्हणून आम्ही घाबरलो.

पुढचे दोन दिवस सगळा नुसता गोंधळ. बाई का नाही म्हणाल्या याची जो तो आपल्या परीने कारणं काढत होता. सावंतसाहेबांना वाटलं, निमंत्रणपत्रिकेत आपलं नाव बाईंच्या वर छापलं म्हणून. त्यांनी स्वतःचं नाव खाली घेऊन पत्रिका पुन्हा छापायला टाकली. नाचणकर सरांना वाटलं, आपल्या बेसूर तबल्यामुळे. ते राजीनामा लिहून घेऊन आले, पण "कदाचित मी चुकत असेन" म्हणून तो त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिला. मला वाटलं, घसा. मी खडीसाखर, ज्येष्ठमध आणि लवंग अशी पुडी बांधून बाईंच्या घरी गेलो.

दोन खोल्या. एका कोपऱ्यात ट्रंक भरून ठेवलेली, तिच्यावर चादरीत गुंडाळलेला तानपुरा. खालून बंदरातल्या इंजिनांचा आवाज आणि वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास. बाईंनी माझी पुडी हुंगली आणि बाजूला ठेवली.

"बस. चाय घेतोस?"

घरची भाषा ऐकून मला जरा बरं वाटलं.

"घसा दुखतो का, बाई?"

"घशाला काय झाला? घसा आहे तिथेच आहे." त्यांनी माझ्या हातात कप दिला. "आवाज जातो रे म्हातारपणी. सगळ्यांचा जातो, जाऊदे. पण कधी गेला ता मला कळला नाही, ह्याचा राग येतो. घरात गाते तेव्हा वाटायचं, आहे अजून. हॉलने सांगितलान तेव्हा कळलं. तो मला कधी खोटं नाही बोलला."

मी म्हणालो, "दमट हवा आहे, बाई."

"माघ महिन्यात?"

मी चहा प्यायला लागलो.

"तुला माहीत नाही," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "हॉल बांधताना सगळे मला हसलेले. मी कुंभाराकडे गेले पेटी घेऊन, रिक्षात घालून. एकेक मडकं वाजवून बघितलं. पेटीवर सूर धरायचा, मडक्यावर टिचकी. ह्याचा सूर गोल, हे घे. हे चिरकं, हे ठेव. कुंभाराची बायको म्हणाली, बाई, पाणी भरायचंय की लग्न लावायचंय ह्यांचं? मी म्हटलं, ह्यांना गाणं ऐकायला बसवायचंय. कमिटीने माझी कटकट नको म्हणून हो म्हटलं. स्टेजच्या खाली निजवलीत सगळी."

मी कप तोंडापासून लांब धरला.

"कुठे म्हणालात?"

"स्टेजखाली. आहेत की अजून. तीच तर घुमतात." मग त्या जरा हसल्या. "आता ती तरी कोणासाठी घुमणार? समोरून काय येतच नाही, तर मडकी काय करतील?"

शहाण्या माणसाने त्या क्षणी सांगून टाकलं असतं. मी कप खाली ठेवला, तो बशीवर न ठेवता बशीच्या शेजारी ठेवला, आणि उभा राहिलो.

"बाई, उद्या तुम्ही याच. जरा लवकर या. आणि एकदा टाळी वाजवून बघा."

"का?"

"परवा हॉलला बरं नव्हतं."

बाईंनी माझी पुडी उचलून माझ्याच हातात दिली. "मेल्या," त्या म्हणाल्या, "तुला बरं आहे ना?"

सोहळ्याच्या दिवशी सकाळी आम्ही तिघे पायऱ्यांवर बसून झेंडू उपटत होतो. मी, नाचणकर सर आणि सुनंदा. सुनंदा माझ्याशी बोलत नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "आत्ता कुठे फुलायला लागला होता." नाचणकर सर मात्र आनंदात होते. आपला हात गेलेला नाही हे कळल्यापासून त्यांचा चेहरा पाच वर्षांनी लहान झाला होता. ते प्रत्येक मडकं धुऊन झालं की कानाशी धरून टिचकी मारत आणि पेटीवरची पट्टी सांगत. "हे काळी एकच्या आसपास. हे... हे ओलं आहे, हे काही बोलत नाही. हे पांढरी पाच असावं, पण मी चुकत असेन."

मडकी जांभ्याच्या पायऱ्यांवर उन्हात वाळत ठेवली. एक माझ्या हातून फुटलं. सुनंदाने न बोलता घरचा पाण्याचा माठ आणून ठेवला.

एवढ्यात सावंतसाहेब नव्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. प्रकार ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. "विलास, एवढ्याशा मडक्यांनी एवढ्या मोठ्या हॉलमध्ये काहीही फरक पडत नाही. शास्त्र आहे त्याला. तालमीच्या आधी तुम्ही मागचे जाड पडदे नवीन लावले, त्याने आवाज खाल्ला असेल. किंवा काहीच झालं नसेल. हा सगळा मनाचा खेळ."

"मग काय करू या, साहेब? पडदे काढू?"

"पडदे काढा. मडकीही ठेवा." ते जरा घुटमळले. "बाईंना सांगू नका मी ठेवा म्हणालो ते." आणि कोट काढून त्यांनी दोन मडकी स्वतः उचलली.

खरी अडचण पुढे होती. मडकी काढताना कोणतं कुठे होतं हे मी पाहिलंच नव्हतं. तोंड कुणीकडे होतं तेही आठवेना. दुपार उतरली तेव्हा मी रंगमंचाखाली पोटावर सरपटत होतो. नाचणकर सर दारातून एकेक मडकं आत सारत होते आणि मी ते अंदाजाने निजवत होतो. शेवटचा माठ देऊन ते हात धुवायला गेले. मी आत एकटा, टॉर्च विझत आलेला.

वर टाळी वाजली.

ती टाळी मी जन्मात विसरणार नाही. वरून फळ्यांतून आली आणि माझ्या भोवतालच्या सगळ्या मडक्यांनी ती एकदम आत घेतली. कानाशी कोणी श्वास घ्यावा तशी. मग थोडा वेळ काहीच नाही. बाई दारात मान कलती करून उभ्या असणार.

मग पावलं. माझ्या डोक्यावरच्या फळ्या करकरल्या. तानपुऱ्याच्या तारा लागल्या आणि बाईंनी सा लावला.

मी बाहेर निघू शकत नव्हतो. निघालो असतो तर सगळंच उघड झालं असतं. मी तसाच मातीत पडून राहिलो. खालून तो सूर कसा येत होता हे मला नीट सांगता येणार नाही. बारीक होता, हो. पण तो मडक्यांत शिरून रुंद होत होता, आणि सगळ्यात रुंद आमच्या घरच्या माठात. त्या माठातलं पाणी मी वर्षानुवर्षं प्यायलो आहे. बाईंनी एक संथ आलाप घेतला, थांबल्या, आणि पुन्हा घेतला. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा आवाजात काहीतरी सुटलं होतं. चढावर राहणाऱ्या त्या एकट्या बाईने दोन दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी. माझे डोळे भरून आले, असं मी लिहिलं असतं. पण तिथे जाळी-जळमटं होती, आणि मला शिंक आली.

ती शिंक सगळ्या मडक्यांनी घेतली आणि सभागृहाला दिली. बाहेर पायऱ्यांवर सुनंदाच्या हातातून तांब्या पडला म्हणतात. त्या वास्तूत माझा सूर लागला तो एकदाच.

वर तानपुरा थांबला. मग बाईंचा आवाज, अगदी नेहमीचा, "मागच्या रांगेपर्यंत गेला हो. ये आता बाहेर."

मी बाहेर आलो. अंगभर माती, केसांत जाळी. बाईंनी मला पाहिलं, माझी नखं पाहिली, मग दारातून दिसणारा उपटलेल्या झेंडूचा ढीग पाहिला. मी तोंड उघडलं.

"आत्ता काय बोलू नको," बाई म्हणाल्या. "अंघोळ करून ये. पाहुण्यांच्या चपला कोण बघणार?"

संध्याकाळी सभागृह भरलं. मागे भिंतीला टेकून लोक उभे राहिले. मी चपलांपाशी, म्हणजे दाराबाहेर होतो. बाईंनी गायच्या आधी मान वर करून विचारलं, "मागे ऐकू येतंय?" शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले सावंतसाहेब इतक्या चटकन हात वर करून मोकळे झाले की शेजारी हसले. बाई फार वेळ गायल्या नाहीत. एक राग, एक छोटी बंदिश. शेवटी एका जागी त्यांनी आवाज इतका खाली आणला की कोणी खोकलं असतं तर गेलाच असता. कोणी खोकलं नाही. तो सूर दाराबाहेर माझ्यापर्यंत आला, चपलांपर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप द्यायला मी थेट एसटी स्टँडवर गेलो. चिपळूणला जाऊन पुढे अलोऱ्याची गाडी घ्यायची होती. त्यांना खिडकीपाशी बसवून तानपुरा शेजारच्या सीटवर टेकवला आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिलो. रात्रभर एकच गोष्ट मनात घोळत होती.

"बाई, मडकी बरोबर लागली होती ना?"

"सकाळी येताना हॉलवर थांबले. वाकून बघितलं मी खाली." त्यांनी पिशवीतून सोलकढीची बाटली काढली. "तोंडं लोकांकडे करायची होती. तू सगळी भिंतीकडे करून ठेवलीस. एक तर कसला माठ घातलास, त्याला नळ आहे."

"मग हॉल वाजला कसा?"

बाईंनी घोट घेतला आणि विचार केला. खरंच विचार केला, मी बघत होतो. "ता मला पण नाय कळला," त्या म्हणाल्या.

"सावंतसाहेब म्हणतात, पडद्यांमुळे झालं. मडक्यांचा काही संबंध नाही. मला तर वाटतं..."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो. बाईंनी अंबाड्यावरून पदर घेतला, खिडकीबाहेर डोकं काढलं आणि धक्क्यावरून होडीला मारावी तशी हाक मारून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मेल्या, तोंड कुठेही असूदे. आतून रिकामा असला की घुमतो. नायतर तुला इतकी वर्षं कमिटीत कशाला ठेवला असता?"